मोठ्या पोकर स्पर्धेतला हौशी खेळाडू: त्याची पातळी कशी जोखावी, आपली तयारी कशी करावी

नागपुरात पत्ते खेळणाऱ्यांची वाण नाही. दिवाळीत तीन पत्ती, लग्नघरी रात्रभर रमी, हे घरोघरी चालते. पोकर मात्र बहुतेकांनी यूट्यूबवरच पाहिलेले असते आणि त्यातून दोन टोकांचे समज होतात. एक, मोठ्या स्पर्धेत सगळे काळ्या चष्म्यातले उस्तादच बसलेले असतात, तिथे आपला काय टिकाव लागणार. दुसरा, ख्रिस मनीमेकर नावाच्या अकाउंटंटने २००३ साली ८६ डॉलरच्या ऑनलाइन पात्रता स्पर्धेतून येऊन वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरची मुख्य स्पर्धा मारली आणि २५ लाख डॉलर नेले, म्हणजे नशीब असले की झाले.

दोन्ही समज खर्चात पाडतात. खरी गोष्ट अशी की मोठ्या स्पर्धेत बहुसंख्य खेळाडू हौशीच असतात, ते बऱ्याच चुका करतात आणि त्या चुका ठरावीक असतात. त्या ओळखता आल्या आणि स्वतःच्या खेळातून काढता आल्या, तर नवखा माणूसही तिथे सन्मानाने बसू शकतो. बक्षीस मिळेलच असे मात्र नाही, आणि त्यामागचे गणितही पुढे येईल.

आधी मैदान समजून घ्या

वर्ल्ड सिरीजची मुख्य स्पर्धा लास वेगासला होते, प्रवेश फी १०,००० डॉलर. १९७० पासून ही मालिका चालू आहे. २००३ साली मुख्य स्पर्धेत ८३९ जण होते. मनीमेकर जिंकला आणि पुढच्या वर्षी आकडा २,५७६ झाला, २००६ मध्ये ८,७७३. २०२४ साली १०,११२ जण बसले. जगात इतके व्यावसायिक पोकरपटू एका वेळी १०,००० डॉलर घेऊन येत नाहीत. डॉक्टर, दुकानदार, निवृत्त अधिकारी, लाकूडतोड्या असे सगळे येतात. लाकूडतोड्या हे अक्षरशः खरे आहे: मेरीलँडचा डार्विन मून हा लाकूडतोडीचा व्यवसाय करणारा माणूस १३० डॉलरच्या पात्रता स्पर्धेतून आला आणि २००९ साली दुसरा आला.

उलट बाजूही पाहा. २०२५ मध्ये मायकेल मिझराकी या मुरलेल्या व्यावसायिकाने ५०,००० डॉलर फीची पोकर प्लेयर्स चॅम्पियनशिप आणि मुख्य स्पर्धा या दोन्ही एकाच उन्हाळ्यात जिंकल्या. कौशल्याला किंमत नसती तर हे घडणे जवळजवळ अशक्य होते.

हौशी खेळाडूची सरासरी पातळी वर्षानुवर्षे वाढत गेली आहे. २०१५ नंतर सॉल्व्हर नावाची, योग्य खेळी मोजून काढणारी संगणक प्रणाली सामान्य खेळाडूंच्या हाती आली आणि कोणत्या जागेवरून कोणते पत्ते खेळायचे याचे तक्ते सगळीकडे मिळू लागले. त्यामुळे हातातल्या पहिल्या दोन पत्त्यांवरचा खेळ आज पुष्कळ सुधारलेला दिसतो. फ्लॉपनंतर, म्हणजे टेबलाच्या मध्यावर सगळ्यांसाठीचे पहिले तीन पत्ते उघडल्यावर, कच्चेपणा बाहेर येतो. तक्ता तिथे संपतो.

व्हिडिओ पाहून पातळीचा अंदाज बांधू नका. एका टेबलावर डीलर तासाला २५ ते ३० डाव वाटतो. मुख्य स्पर्धेचा दिवस म्हणजे दोन-दोन तासांच्या पाच लेव्हल (टप्पे, प्रत्येकात सक्तीने भरायची रक्कम वाढते), म्हणजे २५० ते ३०० डाव. संपादित भागात त्यातले मोजकेच डाव दाखवतात आणि ते नेमके ब्लफचे (पत्ते नसताना असल्याचा आव आणण्याचे), रडारडीचे, मोठ्या पॉटचे (मध्यावर जमलेल्या रकमेचे) असतात. उरलेले बहुतेक डाव फोल्ड, फोल्ड, रेझ, फोल्ड असे संपतात (फोल्ड म्हणजे पॅक, रेझ म्हणजे रक्कम वाढवणे).

पहिली पायरी: कायदा आणि पैसा

ही पायरी आधी, कारण इथे चूक झाली तर पुढचे सगळे व्यर्थ.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. त्यानुसार पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ, पोकर आणि रमीसकट, देशभर बंद झाले. असे खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंडाची तरतूद आहे. तेव्हा कोणी टेलिग्रामवर परदेशी ॲपची लिंक आणि 'एजंट'चा नंबर पाठवला तर तिकडे फिरकू नका. बुडालेले पैसे मागायला जागा नसते.

महाराष्ट्रात कॅसिनो नाही. १९७६ चा कॅसिनो कायदा कधी अमलातच आला नाही आणि २०२३ मध्ये तो रद्दही झाला. जुगारासाठी १८८७ चा कायदा लागू आहे. त्यात निव्वळ कौशल्याच्या खेळाला सूट आहे, पण पोकर त्यात बसते का यावर उच्च न्यायालयांचे एकमत नाही. कर्नाटकात ते कौशल्याचा खेळ मानले गेले, तर गुजरात उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये जुगार ठरवले. म्हणून धरमपेठेतल्या फ्लॅटवर असो की वर्धा रोडच्या फार्महाउसवर, सराव करायचा तो पैशाविना, नुसत्या चिप्सवर. 'टेबलाचा कट' घेणाऱ्या घरगुती अड्ड्यावर जाऊ नका. धाड पडली तर तिथे बसलेला प्रत्येक जण अडकतो.

पैसे लावून प्रत्यक्ष स्पर्धा खेळायची तर जवळचे ठिकाण गोवा. पणजीत मांडवी नदीतल्या जहाजांवरच्या कॅसिनोंत पोकरच्या स्पर्धा होतात. वय २१ पूर्ण हवे, मूळ ओळखपत्र आणि पॅन कार्ड सोबत हवे. जिंकलेल्या रकमेवर ३० टक्के आयकर आणि वर अधिभार-उपकर बसतो, टीडीएस तिथेच कापला जातो. लास वेगासला भारतीय नागरिकाच्या बक्षिसातून ३० टक्के अमेरिकेतच कापतात. शिवाय लॉटरी, फुटबॉल पूल, स्वीपस्टेक अशा गोष्टींसाठी देशाबाहेर पैसे पाठवायला फेमाच्या, म्हणजे परकीय चलनाच्या कायद्याच्या, नियमांत मनाई आहे. तुमची प्रवेश फी त्या कक्षेत येते का, याचे उत्तर जाण्याआधी सीएकडून लेखी घ्या.

आता बक्षिसाचे गणित. मोठ्या स्पर्धेत साधारण १५ टक्के लोकांना पैसे मिळतात. समजा तुम्ही सरासरीपेक्षा चांगले आहात आणि १०० पैकी २० वेळा बक्षिसात येता. तरीही सलग १० स्पर्धा कोऱ्या जाण्याची शक्यता जवळपास ११ टक्के आहे. सरासरी खेळाडूसाठी ती २० टक्के आहे, म्हणजे पाचात एक. म्हणून प्रवेश फी सहलीच्या खर्चासारखी धरा: गेली तर गेली. कर्ज काढून, कोणाकडून उसने घेऊन किंवा घरच्यांपासून लपवून फी भरायची वेळ आली असेल, तर सध्या खेळूच नका. आणि मन तरीही आवरत नसेल तर घरातल्या एका माणसाला आजच सांगा.

दुसरी पायरी: तीन पत्तीची सवय सोडवा

नागपूरकर नवख्याचा पहिला अडथळा हा आहे. हातांची उतरंड डोक्यात तीन पत्तीची बसलेली असते. पोकरमध्ये आपले दोन आणि टेबलावरचे पाच यांतून सर्वांत चांगले पाच पत्ते धरतात. तीन पत्तीत सिक्वेन्स कलरच्या वर असतो, पोकरमध्ये कलर सिक्वेन्सच्या वर. तीन पत्तीत ट्रेल सगळ्यांची बाप, पोकरमध्ये ट्रेल सिक्वेन्सलाही हरते आणि कलरलाही. एक्का-दुर्री-तिर्री तीन पत्तीत भारी, तर पोकरमध्ये एक्का-दुर्री-तिर्री-चौकी-पंजी हा सर्वांत लहान सिक्वेन्स. हे वाचताना सोपे वाटते, पण रात्री अकराला दमलेल्या डोक्याने ट्रेल हातात घेऊन अख्खा स्टॅक, म्हणजे समोरच्या सगळ्या चिप्स, लावणारे नवखे दिसतात, आणि टेबलावर चार इस्पिक उघडे पडलेले असतात. उतरंड कागदावर लिहून महिनाभर समोर ठेवा.

दुसरी सवय त्याहून महाग. तीन पत्तीत 'चाल द्या, बघू' असे करत टिकून राहण्यात मजा असते. पोकरमध्ये टिकून राहण्याचीच किंमत मोजावी लागते. जोडी नसलेले दोन पत्ते फ्लॉपवर ३२ टक्के वेळा जुळतात, म्हणजे तीनात दोनदा हात कोराच राहतो. हातात छोटी जोडी असेल तर तिसरा पत्ता साधारण साडेआठ वेळांतून एकदा लागतो.

नऊ जणांच्या टेबलावर शंभरातले १५ ते २२ डाव खेळावेत, बाकी पॅक. सुरुवातीच्या, म्हणजे आधी बोलावे लागणाऱ्या, जागांवरून सत्ती आणि वरच्या जोड्या, एक्का-राजा, एक्का-राणी, आणि एकाच रंगातले एक्का-गुलाम किंवा राजा-राणी, एवढेच. बटणावर, म्हणजे सगळ्यांच्या शेवटी बोलायची जागा मिळते तिथे, यापेक्षा दुप्पट-तिप्पट पत्ते खेळता येतात. आणि खेळायचे ठरवले की रेझ करून शिरा. नुसता कॉल करून, म्हणजे आहे तेवढीच रक्कम भरून, शिरणे ही हौशी माणसाची सर्वांत ठळक खूण आहे.

तिसरी पायरी: घरी सराव-स्पर्धा लावा

नऊ जण, पत्त्यांचे दोन कॅट आणि आकडे छापलेल्या चिप्सचा ३०० चा संच एवढे सामान पुरते. प्रत्येकाला द्या: २५ च्या ८, १०० च्या ८, ५०० च्या ४, १,००० च्या ७. बेरीज १०,००० होते, माणशी २७ चिप्स, नऊ जणांच्या मिळून २४३. उरलेल्या चिप्स सुट्टे करायला ठेवा.

लेव्हल २० मिनिटांची. ब्लाइंड म्हणजे पत्ते पाहण्याआधी दोन खेळाडूंनी सक्तीने भरायची छोटी आणि मोठी रक्कम. ती २५/५० पासून सुरू करा, मग ५०/१००, ७५/१५०, १००/२००, १५०/३००, २००/४००, ३००/६००, ४००/८००, ६००/१,२००, ८००/१,६००, १,०००/२,०००. चौथ्या लेव्हलपासून मोठ्या ब्लाइंडवाल्याने मोठ्या ब्लाइंडइतका अँटीही (पॉटमध्ये टाकायची जादा रक्कम) भरायचा, कारण मोठ्या स्पर्धांत आता हीच रीत आहे. साधारण चार तासांत निकाल लागतो. चार तासांनीही पाच जण शिल्लक असतील तर पुढच्या वेळी सुरुवातीच्या लेव्हल छोट्या करू नका, शेवटच्या दोन लेव्हल १५ मिनिटांच्या करा.

इथे बिघडते काय? एक कॅट वाटला जात असताना दुसरा पिसून तयार ठेवला नाही तर तासाला १२-१५ डावच होतात आणि सरावाला अर्थ उरत नाही. बाद झालेला माणूस टेबलामागे उभा राहून सल्ले देतो, तेही बंद करा. स्पर्धेत एका हातावर एकच खेळाडू बोलतो. आणि खोट्या चिप्स म्हणून पहिल्या तासातच ऑल-इन मारणारे (सगळ्या चिप्स एकदम लावणारे) दोघे तरी असतात. त्यावर उपाय म्हणजे आठ शनिवारांची गुणतालिका: पहिल्याला १०, दुसऱ्याला ७, तिसऱ्याला ५, पहिल्या दोन बाद होणाऱ्यांना उणे २. खोटे का होईना, गमावण्यासारखे काही असले की माणूस विचार करून खेळतो.

नियमांची सवयही इथेच लावा. ब्लाइंड १००/२०० असताना काही न बोलता ५०० ची एकच चिप पुढे टाकली, तर तो २०० चा कॉल धरतात, रेझ नाही. रेझ करायची तर आधी तोंडाने आकडा बोला. चिप्स दोन हप्त्यांत पुढे सरकवल्या तर दुसरा हप्ता परत करायला लावतात. तोंडून निघालेला शब्द बांधील असतो. लास वेगासला डाव चालू असताना टेबलावर फक्त इंग्रजी बोलता येते. शेजारी नागपूरचाच मित्र निघाला तरी डावात मराठीतून 'काय रे, आहे का काही' विचारले तर दंड होऊ शकतो. मित्र म्हणून त्याच्याविरुद्ध हात आखडता घेणे हेही नियमात बसत नाही.

चौथी पायरी: टेबलावरची माणसे ओळखा

बसल्यावर पहिला अर्धा तास पत्त्यांपेक्षा माणसांकडे जास्त लक्ष द्या. घाई कसलीच नसते. वर्ल्ड सिरीजच्या मुख्य स्पर्धेत ६०,००० चिप्स मिळतात आणि सुरुवात १००/२०० ब्लाइंड, २०० अँटीने होते. एक पूर्ण फेरी तुम्हाला ५०० ला पडते. दोन तासांत सहा फेऱ्या धरल्या तर सगळे डाव फोल्ड करूनही ३,००० चिप्स जातात, म्हणजे स्टॅकच्या ५ टक्के. एवढ्या स्वस्तात इतकी माहिती पुन्हा मिळत नाही.

सगळ्यात भरवशाची माहिती शोडाउनला मिळते, जेव्हा पत्ते उघडे होतात. डाव तुमचा नसला तरी बघा: या माणसाने कोणते पत्ते कुठवर ओढत नेले? सत्तीची जोडी घेऊन तीन बेट (लावलेल्या रकमा) कॉल केल्या असतील, तर पुढचा अख्खा दिवस त्याच्यासमोर ब्लफ बंद.

हौशी मंडळी ढोबळमानाने चार प्रकारची दिसतात. पहिला छोट्या पात्रता स्पर्धेतून आलेला. त्याला बाद व्हायची भीती असते, म्हणून मोठी बेट आली की चांगले पत्तेही टाकतो. त्याच्या ब्लाइंडवर वारंवार रेझ करा. दुसरा वर्षातून एकदा मजेसाठी येणारा पैसेवाला. त्याला फोल्ड करण्यात रस नसतो, 'बघायला' आवडते. त्याच्याविरुद्ध ब्लफ शून्य, आणि खरे पत्ते असताना बेट नेहमीपेक्षा दीडपट. तिसरा घरी तक्ते पाठ करून आलेला. पहिल्या दोन पत्त्यांवर तो पक्का असतो, नंतर चाकोरीबाहेरचा आकडा आला की अडखळतो. त्याच्याशी विनाकारण भिडू नका. चौथा वयस्कर, शांत, पंचवीस वर्षे क्लबात खेळलेला माणूस. तासभर पत्ते टाकत बसतो. तो रिव्हरवर, म्हणजे टेबलावरचा पाचवा, शेवटचा पत्ता उघडल्यावर, रेझ करतो तेव्हा त्याच्याकडे पत्ते असतातच, म्हणून जोडी हातात धरून हट्ट करू नका.

चौघांतही एक समान दोष सापडतो: बेटचा आकडा पत्त्यांचे गुपित सांगतो. हात बरा पण भीती वाटते तेव्हा मोठी बेट, एखाद्या पत्त्याची वाट पाहत असताना छोटी, आणि हात अभेद्य असला की चेक, म्हणजे काही न लावता पाळी पुढे सोडणे. तुमच्यातही हा दोष असणारच. उपाय म्हणून सुरुवातीला फ्लॉपवर एकच माप ठेवा, पॉटच्या दोन तृतीयांश, पत्ते कसेही असोत.

एक डाव जवळून

ब्लाइंड १००/२००, अँटी २००. तुमच्याकडे एक्का-राणी. मधल्या जागेवरून तुम्ही ५०० ची रेझ केली. बटणावरचा 'बघायला आवडणारा' गृहस्थ आणि मोठा ब्लाइंड भरणारा, दोघांनी कॉल केला. पॉट १,८००.

फ्लॉप: इस्पिक राणी, इस्पिक सत्ती, चौकट तिर्री. मोठ्या ब्लाइंडवाल्याने चेक केले. तुम्ही १,२०० लावा. नवखा इथे चेक करून 'सापळा' रचतो. मग इस्पिकच्या शोधातल्या माणसाला पुढचा पत्ता फुकट मिळतो आणि राणी-दश्शीवाल्याकडून मिळणारे पैसेही जातात. दोन्हीकडून नुकसान. समजा बटणवाला कॉल करतो, दुसरा पॅक. पॉट ४,२००.

टर्न, म्हणजे चौथा पत्ता: बदाम चौकी. बहुतेक हातांचे काही बदलले नाही. २,८०० लावा. त्याच्याकडे दोन इस्पिक असतील तर शेवटच्या पत्त्यावर कलर लागण्याची शक्यता साधारण २० टक्के आहे. तुमच्या बेटमुळे त्याला ९,८०० च्या पॉटसाठी २,८०० भरायचे आहेत, म्हणजे किमान २८-२९ टक्के शक्यता हवी. तो कॉल करतो तेव्हा चूक तो करत असतो आणि त्या चुकीचे पैसे तुम्हाला मिळतात. पोकरमधले उत्पन्न बहुतांशी असे येते, डोळ्यात डोळे घालून मारलेल्या ब्लफमधून नाही.

रिव्हर: किलवर नव्वी. पॉट ९,८००, तुम्ही ६,००० लावा. राणी-दश्शी, राणी-गुलाम असले की हा माणूस कॉल करतोच. पण त्याने कॉल न करता २०,००० ची रेझ केली तर? तुम्हाला आणखी १४,००० भरून ३५,८०० जिंकायचे आहेत, म्हणजे २८ टक्के वेळा तरी तुमचा हात पुढे असायला हवा. दिवसभर नुसता कॉल करणारा माणूस इथे ब्लफ मारण्याचे प्रमाण त्याहून खूप कमी असते. पत्ते टाका. तुमचे १०,५०० गेले आणि ४९,५०० शिल्लक आहेत, म्हणजे अजून जवळपास २५० मोठे ब्लाइंड. नवखा मात्र एक्का-राणी इतकी सुंदर दिसते म्हणून कॉल करतो आणि समोर सत्तीची किंवा तिर्रीची ट्रेल पाहतो.

पाचवी पायरी: स्टॅक लहान झाल्यावर आणि बक्षिसाच्या उंबरठ्यावर

स्टॅक १० ते १२ मोठ्या ब्लाइंडपर्यंत आला की छोटी रेझ करून मग पत्ते टाकणे परवडत नाही. दोनच पर्याय ठेवा: ऑल-इन किंवा फोल्ड. बटणावर सगळे पॅक करून डाव तुमच्यापर्यंत आला असेल तर कोणतीही जोडी, कोणताही एक्का, राजा-नव्वीच्या वरचे पत्ते यांवर ऑल-इन योग्य. पहिल्या जागेवरून मात्र सत्तीच्या वरच्या जोड्या आणि एक्का-गुलामच्या वरचे. हौशी खेळाडू नेमका उलटा वागतो. 'चांगले पत्ते येऊ द्या' म्हणत १२ वरून ५ ब्लाइंडवर येतो, आणि मग ऑल-इन मारले तरी समोरचा हसत कॉल करतो, कारण त्याला ते स्वस्त पडते.

आता बक्षिसाच्या उंबरठ्याचे गणित. चार खेळाडू उरलेत, बक्षिसे तीन: १०० रुपयांपैकी ५०, ३०, २०. चौघांकडे सारख्या चिप्स, म्हणून प्रत्येकाच्या स्टॅकची किंमत आत्ता २५ रुपये. समोरच्याने ऑल-इन केले. तुम्ही कॉल करून जिंकलात तर तुमच्या चिप्स दुप्पट होतात, पण किंमत ५० रुपये होत नाही. हिशेब केला तर ती ३८ रुपये ३३ पैसे येते. हरलात तर शून्य. म्हणजे हा कॉल फायद्यात पडायला १०० पैकी ६५ वेळा जिंकायला हवे. वेगवेगळ्या रंगांचे एक्का-राजा कोणत्याही दोन पत्त्यांविरुद्ध जेमतेम ६५ टक्के जिंकतात. समोरच्याकडे जोडी असेल तर निम्मेसुद्धा नाही.

यातून दोन गोष्टी निघतात. उंबरठ्यावर कॉल करायला फार भारी पत्ते लागतात, पण आपण पहिल्यांदा ऑल-इन मारायला तेवढे लागत नाहीत, कारण समोरच्यालाही हीच अडचण आहे. हौशी खेळाडूंना पहिली बाजू भीतीमुळे आपोआप कळते. दुसरी फार थोड्यांना कळते. तुमचा स्टॅक मोठा असेल तर या वेळी जोर लावा, टेबलावरचे सगळ्यात स्वस्त ब्लाइंड इथे मिळतात.

सहावी पायरी: प्रवास, शरीर, दिवस

गोव्यातल्या स्पर्धा बहुधा रि-एंट्रीच्या असतात: बाद झालात तर ठरावीक वेळेपर्यंत पुन्हा फी भरून बसता येते. किती वेळा भरायची हे घरी ठरवा, नवख्यासाठी एकदाच. पुन्हापुन्हा फी भरणारे जास्त करून व्यावसायिक असतात, त्यामुळे दुपारपेक्षा संध्याकाळी टेबल कठीण होते. पोहोचल्या पोहोचल्या बसू नका, आदल्या दिवशी जा.

लास वेगासचा जून-जुलै म्हणजे आपला मे महिना, पारा ४० च्या वर. पण हॉलमध्ये एसी इतका गार असतो की जाड जॅकेट लागते. उन्हाळी कपड्यांवर गेलेला नागपूरकर पाचव्या तासाला कुडकुडतो आणि लक्ष उडते. तिथे दुपारचे १२ वाजतात तेव्हा नागपुरात रात्रीचे साडेबारा झालेले असतात, म्हणून निदान चार दिवस आधी पोहोचा. रोज दहा तास प्रत्यक्ष खेळ आणि मध्ये जेवणाची सुट्टी असते. त्या सुट्टीत हलके खा. तेलकट-मसालेदार भरपेट जेवून बसलात तर पुढची लेव्हल पेंगण्यात जाते.

मोठ्या चिप्स नेहमी पुढे, सगळ्यांना दिसतील अशा ठेवा. पत्त्यांवर एखादी चिप ठेवा, नाहीतर डीलर चुकून ते ओढून नेतो आणि तुमचा हात बाद होतो. आपली पाळी येण्याआधी पत्ते टाकू नका, पुढच्याला ती फुकटची माहिती मिळते.

सातवी पायरी: वही

प्रत्येक सुट्टीत तीनच ओळी लिहा: या लेव्हलमध्ये किती डाव खेळलो, त्यातले किती नुसत्या कॉलने शिरलो, कोणत्या डावात निर्णय घेताना गोंधळलो. ६० डावांत २० पेक्षा जास्त खेळला असाल तर पुढच्या लेव्हलला हात आवरा. नुसत्या कॉलने शिरण्याचा आकडा शून्याच्या जवळ हवा.

बाद झाल्यावर त्याच संध्याकाळी शेवटचा डाव पूर्ण लिहा: ब्लाइंड, दोघांचे स्टॅक, जागा, प्रत्येक बेटचा आकडा, पॉट, उघडलेले पत्ते. 'शेवटच्या पत्त्याने मारले' असे लिहू नका. पैसे आत गेले तेव्हा तुमची टक्केवारी किती होती ते लिहा. एक्क्यांची जोडी राजांच्या जोडीला १०० पैकी १८ वेळा हरते. तशा डावात बाद झालात तर वहीत दुरुस्त करायला काही नाही, त्याच्या आधीच्या दोन तासांतले डाव तपासा. नागपूरला परतलात की शनिवारच्या टेबलावर त्यातला गोंधळाचा एक डाव मांडा, पत्ते उघडे ठेवा आणि नऊही जणांकडून प्रत्येक बेटवर स्वतंत्रपणे चिठ्ठीवर उत्तर लिहून घ्या. चर्चा चिठ्ठ्या उघडल्यानंतर करा, नाहीतर मोठ्या आवाजात बोलणाऱ्याचेच उत्तर सगळ्यांचे होते.